शिंघाळ्याची सहा आडनावं

प्रश्न असा आला आहे: कॉलेजच्या जुन्या प्रॅक्टिकलच्या पुस्तकात शिंघाळा या माशाला ‘मिस्टस सींघाला’ म्हटलंय. संग्रहातल्या बरणीवर ‘एओरिक्थिस सींघाला’ अशी पिवळी पडलेली चिठ्ठी आहे. अलीकडच्या लेखांत मात्र ‘स्पेराटा सींघाला’ दिसतं. हे तीन मासे आहेत की एकच? एकच असेल तर नावं सारखी का बदलतात? आणि बाजारात मावशी सांगतात की शिंगटी म्हणजे शिंघाळ्याचं पिल्लू, ते खरं का?

मासा एकच आहे. आज लिहायचं नाव स्पेराटा. शिंगटी हे शिंघाळ्याचं पिल्लू नव्हे, तो वेगळ्या जीनसमधला, मोठा झाला तरी लहानच राहणारा मासा आहे. मावशींचं मात्र पूर्ण चूक नाही, त्याकडे पुढे येतो.

सुरुवातीलाच एक शब्द सोडवून घेऊ. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात ‘प्रजाती’ म्हणजे जीनस आणि ‘जाती’ म्हणजे स्पीशीज असं शिकवतात, आणि वर्तमानपत्रं सर्रास स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. या गोंधळात अर्धे वाद नुसते शब्दांचे होतात. म्हणून मी इथे जीनस आणि जाती असंच लिहीन. जीनस म्हणजे आडनाव समजा, जाती म्हणजे पाळण्यातलं नाव. मतदारयादीत असतं तसं आडनाव आधी.

शिंघाळ्याचं पाळण्यातलं नाव आजवर बदललेलं नाही. आडनाव मात्र सहा वेळा तरी वेगळं लागलं.

गोष्ट पुण्यातून सुरू होते. विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी. १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं. पीकपाणी, वजनमापं, पक्षी, प्राणी असं सगळं टिपता टिपता त्याने इथल्या नद्यांतले मासेही टिपले. १८३९ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये त्याची वर्णनं छापून आली. सविस्तर लेख चित्रांसह १८४१ मध्ये आला. म्हणून काही जुन्या पुस्तकांत साइक्सपुढे १८४१ असं साल दिसतं. ते चूक आहे, नाव १८३९ चंच धरायचं.

साइक्सची एक सवय आपल्या दृष्टीने फार मोलाची आहे. नव्या माशाला लॅटिन विशेषण शोधत बसण्यापेक्षा तो कोळ्यांच्या तोंडचं नाव जसं कानावर पडेल तसं रोमन अक्षरांत उतरवायचा. ‘ई’साठी दोन ‘ई’ अक्षरं, तोंडात जरा इंग्रजी घोळ, पण शब्द आपलाच. सींघाला म्हणजे शिंघाळा. सीन्गटी म्हणजे शिंगटी. गोग्रा म्हणजे घोगऱ्या. खुद्रीही त्यातलीच, आज टोर खुद्री म्हणून ओळखला जाणारा महसीर. जगभरच्या संग्रहालयांत, जपानपासून ब्राझीलपर्यंत कुठेही हा मासा गेला तर त्याच्या चिठ्ठीवर मराठी शब्द असतो. जुन्या पुण्याच्या नदीकाठचे उच्चार ऐकायचे असतील तर साइक्सची माशांची यादी मोठ्याने वाचावी, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. हसतात आधी, मग वाचतात.

मासा मिळाल्याचं ठिकाणही त्याने नोंदवलं: पुण्याची ‘मोटा मोला’. म्हणजे आपली मुळा-मुठा. या दोन शब्दांवर पुढे बरंच काही अवलंबून आहे.

आता आडनावं. साइक्सने शिंघाळ्याला प्लॅटिस्टोमा या जीनसमध्ये टाकलं. प्लॅटिस्टोमा म्हणजे चपट्या तोंडाचा. शिंघाळ्याचं नाकाड पुढे फावड्यासारखं पसरट असतं, आणि दक्षिण अमेरिकेतल्या लांब चपट्या तोंडाच्या मिशाळ माशांना त्या काळी याच जीनसमध्ये ठेवत. तोंड सारखं दिसलं, साइक्सने जोडून टाकलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. हाती दोनचार पुस्तकं, सांगाडे साफ करून तुलना करायची सोय नाही, आणि तोंडाचा आकार तर समोर दिसतोय. पण अन्नाच्या सवयी सारख्या असल्या की तोंडं सारखी होतात, नातं असो वा नसो. अमेझॉनच्या त्या माशांचा आणि मुळा-मुठेच्या शिंघाळ्याचा संबंध फार लांबचा. गंमत म्हणजे प्लॅटिस्टोमा हे नावही माशांकडे टिकलं नाही, कारण १८०३ मध्येच ते एका माशीला देऊन झालेलं होतं. मासा नव्हे, उडणारी माशी.

दुसरं आडनाव मॅक्रोनेस. ते द्युमेरिलने १८५६ मध्ये काढलं आणि फ्रान्सिस डेने भारतातल्या माशांवरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात (१८७५ ते १८७८) ते सढळ हाताने वापरलं. डेच्या पुस्तकात शिंघाळा, शिंगटी, टेंगरा सगळे मॅक्रोनेस. ब्रिटिश काळातली गॅझेटियरं आणि मत्स्यखात्याचे अहवाल वाचायला घेतले की हेच नाव भेटतं. ते अहवाल वापरायचे असतील तर एवढं ध्यानात ठेवा: तिथे नुसतं ‘मॅक्रोनेस’ लिहिलं असेल तर त्यातून आजचा जीनस ठरवता येत नाही, पुढचं जातीचं नाव बघावंच लागतं.

मॅक्रोनेसचंही तेच झालं जे प्लॅटिस्टोमाचं. न्यूमनने १८४१ मध्येच एका लांब मिशांच्या भुंग्याला हे नाव दिलं होतं. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमात संपूर्ण प्राणिसृष्टीत एक जीनसनाव एकदाच वापरता येतं. भुंगा आणि मासा एकमेकांना जन्मात भेटणार नाहीत, तरी चालत नाही. जो आधी आला त्याचं नाव, दुसऱ्याने दुसरं शोधायचं. हा नियम ऐकून पुष्कळांना कारकुनी वाटतो. मलाही तरुणपणी वाटायचा. पण एकदा संगणकावर नाव शोधताना माशाऐवजी भुंग्यांची दोनशे पानं समोर आली की नियम करणाऱ्यांविषयी आदर वाटू लागतो.

मॅक्रोनेस पडल्यावर बहुतेकांनी सगळा गोतावळा उचलून मिस्टसमध्ये नेला. मिस्टस हा स्कोपोलीचा १७७७ चा जीनस, म्हणजे वयाने कुणालाही भारी. तुमच्या प्रॅक्टिकलच्या पुस्तकातलं ‘मिस्टस सींघाला’ या काळातलं. प्राणिशास्त्राच्या कित्येक पिढ्यांनी या नावाखाली शिंघाळ्याची रक्ताभिसरण संस्था काढली आहे. पुस्तकं एकमेकांवरून छापली जातात, त्यामुळे हे नाव अजून मरायला तयार नाही.

इतक्या मोठ्या मिस्टसमध्ये सगळे सुखाने नांदत नव्हते. शिंघाळा आणि त्याचे जवळचे भाऊ बाकीच्यांपेक्षा वेगळे आहेत हे हाडं बघणाऱ्याला कळत होतं. १९५४ मध्ये भारतीय मत्स्यतज्ज्ञ के. सी. जयराम यांनी मिस्टसच्या पोटात त्यांच्यासाठी ऑस्टिओबॅग्रस नावाचा उपजीनस केला. नावातच ‘हाड’ आहे. त्याच्याही आधी, १९३९ मध्ये, दोन माणसांनी एकमेकांना न कळवता याच गटासाठी दोन नावं छापून ठेवली होती. होली यांनी भुंग्याने अडवलेल्या मॅक्रोनेसच्या जागी ‘स्पेराटा’ हे बदली नाव दिलं. चीनमध्ये वू यांनी ‘एओरिक्थिस’ काढलं, म्हणजे एओर नावाचा मासा. एओर हा शिंघाळ्याचा लांब मिशांचा भाऊ. दोन्ही नावं बराच काळ कोपऱ्यात पडून राहिली. पुढे मिस्टसमधून हा गट खरोखर वेगळा करायची वेळ आली तेव्हा भारतात एओरिक्थिस रुळलं, आणि तुमच्या बरणीवरची चिठ्ठी त्या दिवसांतली. पण साल एक असलं तरी होलींचं नाव आधी छापून आलं होतं. १९९९ मध्ये फेरारिस आणि रुंगे यांनी या संपूर्ण गटाची नव्याने तपासणी केली तेव्हा स्पेराटा हेच नाव धरलं आणि त्याखाली चार जाती मान्य केल्या. तेव्हापासून स्पेराटा.

तर मोजून सहा: प्लॅटिस्टोमा, मॅक्रोनेस, मिस्टस, ऑस्टिओबॅग्रस, एओरिक्थिस, स्पेराटा. बदलांची कारणं मात्र दोनच प्रकारची आहेत आणि ती वेगळी ठेवायला हवीत. प्लॅटिस्टोमातून बाहेर काढणं, मिस्टसपासून तोडणं हे माशाविषयीचं मत आहे. उद्या कुणी पुरावा आणला तर ते पुन्हा बदलू शकतं. मॅक्रोनेस जाऊन स्पेराटा येणं किंवा एओरिक्थिसने मागे सरणं हा नुसता कागदोपत्री न्याय आहे, त्यात माशाचा काही संबंध नाही. विद्यार्थी ‘वर्गीकरण बदललं’ म्हणून दोन्ही एका पिशवीत भरतात आणि मग म्हणतात की या लोकांचं एकमत कधी होतच नाही.

ज्या हाडावरून हा जीनस उभा आहे ते तुम्ही स्वतः बोटाने तपासू शकता. मी पहिल्यांदा तसंच शिकलो. उमेदवारीच्या काळात भीमेकाठच्या एका बाजारातून मी एक मासा आणला. मिशा चांगल्या लांब होत्या, म्हणून ‘एओर’ अशी चिठ्ठी लिहून मोकळा झालो. आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी चिठ्ठी वाचली, काही बोलले नाहीत. मासा ट्रेवर पालथा ठेवला, माझा अंगठा धरला आणि त्याच्या कपाळावरून मागे सरकवत नेला. डोक्याची कवटी खडबडीत लागते, मग तिचं मागचं टोक निमुळतं होत संपतं. तिथे एक बारीक खाच. मग पुन्हा एक हाड, लांबट, सुटं, कातडीच्या वर उघडं पडलेलं, नखाने खरवडलं तर खरखर वाजणारं. ते संपलं की आणखी एक खाच आणि मग पाठीच्या काट्याला धरून ठेवणारी पट्टी. “मधलं लागलं? ते नसेल तर पुढचं काहीच बोलायचं नाही,” एवढंच ते म्हणाले.

ते मधलं सुटं लांबट हाड ही स्पेराटाची खूण. कवटी आणि पाठीचा पर यांच्यामधला हा जणू वेगळा दगड. मिस्टसमध्ये अंगठा फिरवा, असा लांबट सुटा तुकडा मध्ये लागत नाही. कृष्णेच्या खोऱ्यात हेमिबॅग्रस मायडेली नावाचा आणखी एक मोठा मिशाळ मासा आहे. आकारामुळे तो शिंघाळ्यात खपून जातो, आणि तिथेही हाच अंगठा निकाल देतो. जोडीला दुसरी खूण बघा: शेपटीच्या अलीकडे पाठीवर जो चरबीचा मऊ पर असतो, त्याच्या मागच्या टोकाला बुडाशी एक काळा गोल ठिपका. ताज्या माशात तो शाईचं बोट लावल्यासारखा दिसतो. फॉर्मेलिनमध्ये वर्षं काढलेल्या माशातही बहुधा टिकतो.

मिशा चार जोड्या. नाकपुडीजवळची एक आखूड जोडी, वरच्या जबड्याची सगळ्यात लांब जोडी, आणि हनुवटीखाली दोन. पाठीच्या आणि छातीच्या परांपुढे मजबूत काटे, त्यातला छातीचा आतल्या कडेला करवतीसारखा. हे सगळं स्पेराटाचं एकट्याचं नाही. ज्या बॅग्रिडी कुलात तो बसतो त्या कुलाची ही साधारण ठेवण आहे. कोळी मासा जाळ्यातून काढल्या काढल्या ते काटे का मोडतात हे एकदा हाताला लागलं की कळतं. बोट दोन दिवस ठणकतं.

वालागोशी मात्र गल्लत करू नका. तोही मोठा, तोही बिनखवल्याचा, पण त्याला मिशांच्या दोनच जोड्या, चरबीचा पर नाहीच, आणि पोटाखालचा पर शेपटीपर्यंत झालरीसारखा लांब. एक नजर पुरे.

आता जीनसमधल्या जाती. यात मला शिंघाळ्यावरच जास्त थांबायचं आहे, बाकीच्यांचं पटकन सांगतो. एओर हे नाव हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात दिलं. त्याचं तोंड गोलसर आणि वरच्या मिशा थेट शेपटीच्या बुडापर्यंत किंवा त्याहीपुढे जातात. एओरेला ही ब्लाइथने १८५८ मध्ये वर्णन केलेली बंगालकडची जाती. अ‍ॅसिक्युलॅरिस ही १९९९ च्या तपासणीत म्यानमारमधून नव्याने सापडलेली. सिंधूच्या खोऱ्यातून पाकिस्तानी संशोधकांनी १९९२ मध्ये सरवारी नावाने एक उपजाती वर्णन केली. तिचा दर्जा काय धरायचा यावर लेखकालेखकांत फरक दिसतो.

शिंघाळ्याच्या मिशा एओरपेक्षा पुष्कळ आखूड, आणि तोंड तेच साइक्सला फसवणारं, फावड्यासारखं. मग मी त्या दिवशी लांब मिशांचा शिंघाळा कसा काय ‘एओर’ केला? कारण तो मासा वीतभर होता. मिशाळ माशांत लहानपणी मिशा अंगाच्या मानाने लांब असतात, मासा वाढतो तशा त्या मागे पडतात. मोठ्या माशांवरून केलेली किल्ली, म्हणजे जाती ओळखायची खुणांची यादी, लहान माशाला लावली की हमखास चूक होते. उलटही होतं: मिशी तुटलेला एओर शिंघाळा ठरतो. म्हणून मिशी मोजताना टोक निमुळतं आहे की बोथट ते आधी भिंगातून बघायचं. बोथट असेल तर ती मिशी मोजायचीच नाही, दुसऱ्या बाजूची मोजायची.

आणि त्या चिठ्ठीत आणखी एक चूक होती, ती मला बऱ्याच उशिरा कळली. मी ठिकाण म्हणून बाजाराचं गाव लिहिलं होतं. बाजारातला मासा त्या नदीचा असेलच असं नाही. बर्फाच्या पेटीतून मासे खोरी ओलांडून येतात. जाळं कुठे टाकलं होतं हे विचारल्याशिवाय घेतलेला मासा खायला ठीक, नोंदीला नाही.

हे एवढं ताणून सांगायचं कारण म्हणजे शिंघाळ्याचा खरा पेच ठिकाणाचाच आहे. पुस्तकं सांगतात की सींघाला कृष्णा-गोदावरीत आहे, गंगेत आहे, सिंधूकडेही आहे. पण गोड्या पाण्याचा मासा चालत डोंगर ओलांडत नाही. दख्खनच्या नद्या आणि गंगा यांच्यामध्ये पाणलोटाची भिंत आहे. अशा भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच जाती असू शकते, पण ते गृहीत धरायची गोष्ट नाही, तपासायची आहे. आणि तपासलं की काय निघू शकतं याचं उदाहरण साइक्सच्याच यादीत आहे.

शिंगटीकडे वळू. मिस्टस कॅव्हॅसियस ही हॅमिल्टनची १८२२ ची गंगेची जाती. साइक्सची सीन्गटी अनेक दशकं तिचंच दुसरं नाव म्हणून खाली दडपलेली होती. दख्खनमधल्या प्रत्येक यादीत शिंगटीपुढे कॅव्हॅसियस असंच लिहीत. मीही लिहिलंय. २००५ मध्ये चक्रवर्ती आणि ङ (Ng) या संशोधकांनी भारतापासून म्यानमारपर्यंतचे ‘कॅव्हॅसियस’ एकत्र मांडून पाहिले, तर ते एक नव्हे तीन निघाले: गंगा-ब्रह्मपुत्रेकडचा खरा कॅव्हॅसियस, म्यानमारकडचा नवा फाल्केरियस, आणि द्वीपकल्पातला आपला सीन्गटी. साइक्सचं नाव दीडशेहून जास्त वर्षांनी पुन्हा उभं राहिलं. नवं नाव शोधावं लागलं नाही, कारण कोळ्यांनी सांगितलेलं नाव कागदावर आधीच होतं.

शिंघाळ्याचं असंच तपासायचं झालं तर नावांची वाटणी कशी होईल, ते आज कागदावरच दिसतं. सींघाला हे नाव मुळा-मुठेच्या माशाला बांधलेलं आहे. म्हणजे दख्खनचा आणि गंगेचा मासा वेगळे धरले तर सींघाला आपल्याकडे राहणार, आणि गंगेकडच्याला दुसरं नाव घ्यावं लागणार. तेही तयार आहे: व्हॅलेन्सिएन्सने १८४० मध्ये दिलेलं ‘लामारी’. ते इतकी वर्षं सींघालाचं दुय्यम नाव म्हणून बाजूला पडलं होतं.

यातली खरी मेख आता सांगतो. द्युमेरिलच्या मॅक्रोनेसची नमुना-जाती, म्हणजे जीनसचं नाव ज्या जातीला कायमचं बांधलेलं असतं ती, हीच लामारी होती. स्पेराटा हे मॅक्रोनेसचं बदली नाव असल्यामुळे नियमाने तिचीही नमुना-जाती आपोआप तीच. थोडक्यात, या माशाच्या दोन शब्दी नावातला पहिला शब्द लामारीला बांधलेला आहे आणि दुसरा पुण्याच्या पाण्याला. दोन मासे एक धरा, वेगळे धरा, दोन्ही शब्द आपापल्या जागी राहतात. म्हणून ‘मोटा मोला’ हे दोन शब्द मोलाचे म्हटलं. साइक्सने नुसतं ‘दख्खन’ लिहून भागवलं असतं तर आज भांडायला फार जागा राहिली असती.

हे तपासायचं कसं? डीएनए बारकोडची साडेसहाशे अक्षरं आता सहज वाचून मिळतात, आणि त्यामुळे पुष्कळांना वाटतं की प्रश्न संपला. मी त्यात सावध आहे. दोन खोऱ्यांतल्या माशांच्या अक्षरांत फरक निघणं अपेक्षितच आहे, ते लाखो वर्षं वेगळे राहिलेत. तो फरक जातीएवढा आहे का, हे अक्षरं एकटी सांगत नाहीत. शिवाय तुलनेसाठी संगणकावरच्या साठ्यात जी ‘सींघाला’ची अक्षरं ठेवलेली असतात, त्यातला मासा कुणी, कशावरून ओळखला हे पुष्कळदा लिहिलेलंच नसतं. चुकीच्या चिठ्ठीचं अचूक वाचन होतं एवढंच. जोडीला हाडं मोजायला हवीत: कवटीच्या मागच्या टोकाची लांबी आणि त्या सुट्या हाडाची लांबी यांचं प्रमाण, मणके, नाकाडाची रुंदी, आणि हे सगळं वेगवेगळ्या आकारांच्या माशांत. दोनतीन मोठ्या माशांवरून नव्हे. आणि मुळा-मुठेच्या किंवा निदान भीमेच्या खोऱ्यातले मासे त्यात असलेच पाहिजेत. ते नसतील तर सींघालाविषयी काहीही म्हटलं तरी ते दुसऱ्याच कुणाविषयी असण्याचा धोका राहतो.

वरच्या पातळ्यांचं थोडक्यात. स्पेराटा बॅग्रिडी कुलात, ते कुल सिल्युरिफॉर्मिस गणात. बॅग्रिडी पूर्वी फार पसरलेलं होतं, आफ्रिकेतले कितीतरी जीनस त्यात कोंबलेले. १९९१ मध्ये मो यांनी हाडांच्या आधारे त्याचे तुकडे केले आणि आफ्रिकेतले बहुतेक क्लॅरोटिडी आणि ऑस्ट्रोग्लॅनिडिडी या वेगळ्या कुलांत गेले. उरलेलं बॅग्रिडी मुख्यतः आशियाचं. ज्याच्यावरून कुलाचं नाव पडलं तो बॅग्रस मात्र आफ्रिकेचाच, त्याला कुलाबाहेर काढणार कसं? जुन्या पुस्तकात बॅग्रिडीची लक्षणं वाचाल तर ती या जुन्या, मोठ्या कुलाची असतात. परीक्षेत तीच लिहायची असतील तर लिहा, पण समोरच्या माशाला लावू नका.

आता मावशी. शिंघाळा दीड मीटरच्या आसपास जाऊ शकतो, शिंगटी हातभरही क्वचितच होते. बाजारात मात्र वीतभर शिंघाळे आणि मोठ्या शिंगट्या एकाच पाटीत पडतात, दोघांना काटे, दोघांना मिशा, आणि विकताना भाव एकच लागतो. मावशींची वाटणी आकाराची आहे: लहान ती शिंगटी, मोठा तो शिंघाळा. त्यांच्या पाटीतली काही ‘पिल्लं’ खरोखरच शिंघाळ्याची असतात, म्हणून पूर्ण चूक नाही म्हटलं. दोन्ही नावांत ‘शिंग’ आहे ते काट्यांमुळेच असावं, असं मला वाटतं. साइक्सला नावं सांगणाऱ्यांनी दोघांना वेगळी नावं सांगितली हेही विसरू नका. पाटीत हात घाला, अंगठा फिरवा, सुटं हाड लागतंय का बघा. ठिपका बघा. काटे मोडलेत याची खात्री करून मग.

खऱ्या पिल्लांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, स्पेराटाचे नर तळाशी मातीत खळगा करून घरटं करतात आणि अंडी-पिलं राखतात. त्या दिवसांत नराच्या पोटाची कातडी जाड, लुसलुशीत होते आणि पिलं तिच्यातून झिरपणाऱ्या स्रावावर जगतात, असं निरीक्षकांनी नोंदलंय. पाणी अचानक सोडलं किंवा काठाचा तळ उपसला की ही घरटी जातात. वर्गीकरणाशी याचा थेट संबंध नाही, पण जुलैत मासे गोळा करायला निघालात तर घरट्यावरचा नर सोडून द्या. मुळात नमुन्यासाठी त्याची गरज नसते.

वहीत काय लिहायचं ते शेवटी. नाव ‘स्पेराटा सींघाला (साइक्स, १८३९)’ असं लिहा. कंस मुद्दाम आहे. साइक्सने हे जातीचं नाव वेगळ्या जीनसमध्ये दिलं होतं, म्हणून त्याचं नाव कंसात. कंस नसता तर साइक्सने हे नाव मुळातच स्पेराटा या जीनसमध्ये दिलं होतं असा अर्थ झाला असता. जीनसचं लिंग बदललं तरी सींघालाचं शेपूट बदलत नाही, कारण तो लॅटिन विशेषण नव्हे, कोळ्यांचा शब्द आहे. बरणीवरची ‘एओरिक्थिस’ची जुनी चिठ्ठी फाडू नका. तिच्या शेजारी नवी चिठ्ठी घाला, तीवर तुमचं नाव आणि तारीख असू द्या. जुन्या चिठ्ठीवर नदीचं नाव असेल तर ते जसंच्या तसं उतरवा, स्पेलिंग सुधारू नका. नदी लिहिलेली नसेल आणि मासा कुणी आणला ते कुणाला आठवत असेल, तर आधी त्यांना फोन करा.